रविवारची फायनल

दौंड, ३ मार्च १९५८

विल्यम,

पत्राच्या डोक्यावर सलाम लिहायची आपल्या घरात रीत आहे. या पत्रावर तो नाही. विसरलो असं समजू नकोस.

शनिवारी क्लबच्या कमिटीची बैठक झाली. शिरूरला फायनल हरल्यानंतरची पहिलीच. चहा आला, तो कुणी प्यायला नाही. सेक्रेटरी हौसराव म्हणाले, "मास्तर, आता एकेक गडी तपासा आन् सांगा. कुणाला ठेवायचं, कुणाला नारळ द्यायचा. पुढल्या साली शिरूरकडनं परत मार खाल्ला तर बास्केटबॉल बंद. ग्राउंड बॅडमिंटनवाल्यांना देऊन टाकू. ते निदान आपसातच हरत्यात."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्या ग्राउंडवर सकाळी रेल्वेच्या इंजिन शेडला कामावर जायच्या आधी पाणी मारणारा मी आहे.

गडी तपासले. तूही वाच. यातल्या प्रत्येकाच्या खांद्यावर हात टाकून तू फोटो काढून घेतला आहेस.

महबूब. कप्तान. उंची आहे, हात लांब आहेत, राग नाही. तुझ्या नव्या शेठच्या पोरांनी फायनलमध्ये त्याला दोन्ही बाजूंनी कोपरं मारली आणि तो चिडला नाही, हाच त्याचा दोष. ठेवावा.

शेखलाल. गुडघे गेले. पण खेळ डोक्यात आहे आणि डोकं अजून पळतं. ठेवावा, अर्धा वेळ.

तात्याबा. बॉल हातात आला की कुणी दिसत नाही, रिंगसुद्धा नाही. फायनलला एक बॉल फळीवरून पलीकडे रसवंतीच्या मांडवात गेला. रसवंतीवाला म्हणाला, "पावनं, रस पायजे व्हता तर हाक मारायची." ठेवावा. न मारणाऱ्यांपेक्षा मारणारा बरा.

गेणबा. हुतूतूतून आलेला. माणूस धरायचा नसतो, एवढंच त्याला शिकवता आलं नाही. फायनलला त्याने तुझी कंबर धरली आणि पंचाने शिट्टी वाजवली तरी सोडली नाही. मी रागावलो, तर म्हणाला, "मास्तर, घरचा गडी निघून चालला व्हता. म्हणून धरला." ठेवावा. कारण कमिटीला सांगितलं नाही.

विल्यम रणपिसे. हे नाव यादीत अजून होतंच. हौसराव म्हणाले, "ह्ये म्या खोडतो. तुम्ही ऱ्हाऊ द्या, भाऊ हाय." मी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं आणि माझ्या हाताने खोडलं.

स्पर्धा तोंडावर असताना तू शिरूरला गेलास. शेठची तेलाची मिल, मुकादमाची जागा, राहायला खोली. माणूस बऱ्या नोकरीसाठी जातो. तेवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. पण जाताना तू आपल्या खेळाच्या खुणा घेऊन गेलास.

त्या खुणा बाबांच्या होत्या. केडगावच्या अंगणात आपल्याला खेळवताना त्यांनीच बायबलातून ती नावं पाडली. यरीहो म्हटलं की दोघांनी बाहेरून वेढा घालायचा. योना म्हटलं की एकीकडे जातो असं दाखवून दुसरीकडे पळायचं. शमशोन म्हटलं की बॉल सगळ्यांत ताकदवान गड्याकडे. दौंडला मी तीच नावं शिकवली, तेव्हा गेणबाने विचारलं होतं, "यरीहो ह्ये कंच्या तालुक्यात येतं?" आणि महबूब म्हणाला होता, "योनाला आमच्यात युनूस म्हणत्यात. पर पळायचं तिकडंच ना?" तूच हसून हसून खाली बसला होतास.

फायनलला गेणबा "यरीहो" ओरडला आणि बॉल त्याच्या हातातून सुटायच्या आत शिरूरचे दोघे बाहेरच्या बाजूला जाऊन उभे. महबूब "योना" म्हणाला, तर त्यांचा गडी फसलाच नाही. उलट त्याची वाट बघत थांबला होता. मी बाकावरून तुझ्याकडे बघितलं. तू बुटाची नाडी बांधायला वाकलास. नाडी बांधलेलीच होती.

कप्तानपद महबूबला दिलं म्हणून मी गेलो, असं तू आईला सांगितलंस म्हणे. ते कारण पुढे करू नकोस. सख्ख्या भावाला कप्तान केलं असतं तर दौंडात लोक काय बोलले असते, हे तुलाही ठाऊक आहे.

याची परतफेड होईल. मला घाई नाही.

इसहाक


दौंड, २३ जुलै १९५८

विल्यम,

ग्राउंडचा चिखल झाला आहे. मालधक्क्याच्या छपराखाली सराव चालू आहे. रिंग नाही, म्हणून नुसते पास आणि पळापळ. गेणबाचे दोन्ही हात मी पंच्याने पाठीमागे बांधतो आणि मग त्याला तुझ्यासारख्या पळणाऱ्या गड्यासमोर उभा करतो. छातीने अडवायला शिकतो आहे. हमाल लोक बघायला थांबतात. परवा एकाने विचारलं, "ह्यानं काय चोरी केली?" गेणबा म्हणाला, "न्हाई, चोर यायचाय अजून."

तू शिरूरचा कप्तान झालास असं आईकडून कळलं. तिने ते आनंदाने सांगितलं, म्हणून मीही तोंड वाकडं केलं नाही.

तू पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी केडगावला जातोस हे कळल्यापासून मी दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी जातो. आईच्या ते ध्यानात आलं आहे. गेल्या खेपेला भाकरी थापता थापता म्हणाली, "एका ताटात जेवलेली पोरं तुम्ही. आता देवाचा वार बी वाटून घ्येतला व्हय?" मी म्हटलं, शिफ्ट असते. ती म्हणाली, "व्हय, व्हय. इंजनं काय रविवार बघून बिघडत्यात." तिला फसवणं आपल्याला कधी जमलं नाही. बाबांना तरी जमायचं.

शेखलालला बाजारात तुझ्या शेठचा माणूस भेटला होता. दौंडच्या खुणा बदलल्या का, असं विचारत होता. असे आडून प्रश्न कशाला? मीच सांगतो. एकही शब्द बदललेला नाही आणि बदलणारही नाही. यरीहो, योना, शमशोन. तुझ्या लोकांना तसं सांग. बाबांचे शब्द मी कुणाच्या भीतीने टाकणार नाही.

इसहाक


दौंड, २ डिसेंबर १९५८

विल्यम,

परवा शिरूरला आलो होतो. तुला भेटलो नाही. स्पर्धेच्या तारखा ठरवायला सगळ्या क्लबांचे लोक बोलावले होते, दौंडतर्फे मी होतो.

तुझे शेठ जवळून पाहिले. माणूस हसरा आहे. मला पान दिलं आणि म्हणाले, "तुम्ही विल्यमचे थोरले का? मग एक भाऊ तिकडं कशाला ठेवलाय? या की इकडं." मी म्हटलं, बघू.

तारखांचं बोलणं निघालं. तुमचे लोक फायनल शनिवारी म्हणत होते. मी उभा राहिलो. म्हटलं, शेडचे गडी शनिवारी सगळे सुटत नाहीत. शिवाय रविवारी शाळा-कचेऱ्या बंद, माणूस जास्त जमेल. शेठनी लगेच मान डोलावली. ८ फेब्रुवारी, रविवार, दुपारी चार. हँडबिल छापायला गेलंसुद्धा.

शेठना तुझ्याबद्दल बरंच ठाऊक आहे. तू किती उंच उडी मारतोस, तुला चहात साखर किती लागते. हे मात्र ठाऊक नव्हतं.

तुला मात्र आठवत असणार. शनिवारी दिवे लागायच्या सुमारास बाबा शिडी लावायचे आणि रिंग काढून घरात आणायचे. बैलगाडीच्या चाकाची धाव तापवून केलेली ती रिंग. सोमवारी सकाळी परत लावायचे. मधल्या वेळात तू एकदा नुसता बॉल फळीवर मारलास, तर त्यांनी बॉल आठवडाभर ट्रंकेत ठेवला होता. शेवटच्या दुखण्यात त्यांनी आपल्या दोघांचे हात धरून घेतलं ते वचन एकच होतं. रविवारी ग्राउंडवर पाय टाकायचा नाही. आई पायाशी बसली होती.

तेव्हा आता ठरव. खेळलास तर आईला कळेल. केडगावात अशी बातमी तुझ्या आधी पोचेल. न खेळलास तर शेठला सांग का ते. मुकादमाची जागा आणि खोली त्यांनी कशासाठी दिली आहे, ते त्यांच्या तोंडून ऐकायला मिळेल.

मीही त्या दिवशी ग्राउंडवर नसेन. तेच वचन माझंही आहे. हौसरावांना सांगितलं तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, "तुम्हीच मागून घ्येतलेली तारीख, आन् तुम्हीच न्हाई? मास्तर, ह्ये काय डोस्क्यात शिरंना बघा." मी म्हटलं, महबूब आहे. वर्षभर मी महबूबला हेच तर शिकवतो आहे, माझ्याशिवाय कसं खेळायचं ते. तुझ्या शेठनी तुझ्याशिवाय खेळायचं कुणाला शिकवलं आहे का?

इसहाक


दौंड, ६ फेब्रुवारी १९५९

विल्यम,

आपण दोघंही फायनलला पोचलो. म्हणजे तुझी टीम आणि माझी.

तुझं कार्ड मिळालं. वर्षभरात पहिलंच. "तारीख तू मागितलीस हे समजलं. रिंग काढणारे बाबा होते, तू नव्हेस." एवढ्या दोन ओळी. खाली सही नाही. अक्षर ओळखीचं आहे, मीच गिरवून घेतलेलं.

बाबा रिंग काढायचे ते आपल्याला देवळात नेण्यासाठी, आणि मी काढली ती तुला अडकवण्यासाठी, असं तुला म्हणायचं आहे. बरोबर आहे. मी नाकारत नाही. तू मात्र हे सांग, की गेल्या वर्षी त्याच बाबांचे शब्द तू शेठच्या गड्यांना ओळीने बसवून शिकवत होतास, तेव्हा तुला बाबा आठवले होते का?

शेखलाल सांगत होता, शेठ तुला म्हणाले, "एक रविवार देवाला सांग, गिऱ्हाईक फार हाय." आणि सगळी मिल हसली. तूही हसलास का, हे शेखलालला ठाऊक नव्हतं.

रविवारी दुपारची उपासना चार वाजता आहे. मी आईजवळ डावीकडे बसेन. तिला मी मॅचबद्दल काही सांगितलेलं नाही. तिने मात्र मला विचारलं, "ह्या रविवारी इस्त्रीचा सदरा घालून यशील ना?" का विचारलं, कळलं नाही.

गडी परवा ट्रकने शिरूरला निघतील. कालच्या सरावात गेणबाने एकालाही धरलं नाही. शेवटी घाबरून मलाच विचारलं, "मास्तर, विल्यम आलाच तर थोडा धरू का?" मी म्हटलं, तो आला तर धर.

इसहाक


दौंड, १० फेब्रुवारी १९५९

विल्यम,

आपलं परवा बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो.

पहिलं गीत संपेपर्यंत मी दाराकडे बघत होतो. आई बघत नव्हती. तिने आपल्या उजव्या बाजूला शाल घडी करून ठेवली होती. कुणी बसायला आलं की म्हणायची, "हितं माणूस हाय." माणूस नव्हता. शाल होती.

दुसऱ्या गीताला तू आलास. पायजम्यावर गुडघ्यापर्यंत धूळ. बस चुकली असणार आणि मधला पल्ला तू चालत आला असणार. शाल उचलून तू बसलास. मला जिंकल्यासारखं वाटलं. आणखी काही वाटलं असेल तर ते तुला सांगायचं मला कारण नाही.

तिघांत गीतांचं एकच पुस्तक. तू तुझ्याकडे ओढत होतास, मी माझ्याकडे. मधे आईने दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं, नाहीतर शिवण उसवली असती. चौथ्या कडव्याला तुझा सूर नेहमीसारखा खाली घसरला. पाळकबाबा उपदेशात काय बोलले ते मला सांगता येणार नाही. तुलाही येणार नाही. पलीकडे शिरूरला त्या वेळी बॉल कुणाच्या हातात असेल, हे आपण दोघं एकाच छपराखाली बसून मनात खेळत होतो. तुझा गुडघा हलत होता. आईने त्यावर हात ठेवला. मग माझ्या गुडघ्यावरही ठेवला, तेव्हा मला कळलं की माझाही हलतो आहे.

आता मॅच. काल सकाळी शेडच्या दाराशी महबूब आणि गेणबा उभे होते. आपण जिंकलो. म्हणजे दौंड जिंकलं. बॅडमिंटनवाल्यांना जागा दुसरीकडे बघावी लागेल.

गेणबा "यरीहो" ओरडला. तुझे दोघे बाहेरच्या बाजूला धावले. आपला बॉल मधून सरळ रिंगखाली गेला. महबूब "योना" म्हणाला. तुझा गडी न फसता उलट बाजूला जाऊन थांबला. महबूब जिकडे दाखवलं तिकडेच गेला. मालधक्क्याच्या छपराखाली आम्ही वर्षभर हेच केलं. मी तुला खोटं लिहिलं नव्हतं. शब्द तेच होते. प्रत्येकाचा अर्थ उलटा केला होता. तुझ्या पोरांनी तू शिकवलेलं चोख पाठ केलं होतं. तू ग्राउंडवर असतास तर पहिल्या दोन फेऱ्यांतच हात वर करून त्यांना थांबवलं असतंस. थांबवायला तू नव्हतास. मध्यंतरात शेठ त्यांच्यावर ओरडत होते, "आरं, विल्यमनं सांगितलंय तसं खेळा की!" आणि ती बिचारी तसंच खेळत राहिली.

तात्याबाने एक बॉल पुन्हा रसवंतीत घातला. यंदा त्याला रस फुकट मिळाला.

अशी ही परतफेड. मी म्हटलं होतं, घाई नाही.

देवळातून बाहेर पडल्यावर आईने काय केलं ते तुला आठवत असेल. एका हातात तुझा हात, दुसऱ्यात माझा. फाटकापर्यंत तशीच चालली आणि भेटेल त्याला सांगत सुटली, "दोघं बी आली. येकाच दिशी आली." तिला वाटतं आपलं मिटलं. मी तिला खरं सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. थोरला म्हणून एवढंच मागतो. बाकी काही मागायचं नाही.

इसहाक


दौंड, ४ मार्च १९५९

विल्यम,

सलाम.

आई चार दिवस माझ्याकडे आली आहे; वरचा शब्द तिनेच लिहायला लावला आहे. मी लिहिताना ती शेजारी बसली आहे आणि तिला तेवढा एक शब्द वाचता येतो. पुढचं तिला वाचता येत नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

शेठनी तुला काढलं हे कळलं. खोलीही गेली. मला वाईट वाटलं असं लिहिणार नाही. तारीख मागून घेतली तेव्हाच हे होणार, हे मला दिसत होतं.

शनिवारी कमिटी बसली. या वेळी चहा दोनदा झाला. हौसराव म्हणाले, "मास्तर, रिवाजाप्रमाणं एकेक गडी तपासा." मी तपासले. महबूब, कप्तान, ठेवावा. शेखलाल, आता खेळवू नये, शिकवायला ठेवावा. तात्याबा, ठेवावा. गेणबा, ठेवावा. फायनलमध्ये त्याने एकालाही धरलं नाही. मॅच संपल्यावर मात्र पंचाला उचलून घेतलं.

मग कुणीतरी म्हणालं, विल्यम मोकळा झालाय, पुन्हा घ्यायचा का? सगळे माझ्याकडे बघू लागले. महबूब दाराशी उभा होता. म्हणाला, "मास्तर, माझ्या जागी कप्तान करा पायजे तर." मी म्हटलं, कप्तान तूच राहशील.

आणि तुझं नाव लिहिलं. सगळ्यांच्या खाली, राखीव गड्यांत. गेणबाच्याही खाली. एक गडी दमला तर दुसरा, दुसरा दमला तर गेणबा आणि गेणबाही पडला तर तू. तोवर बाकावर माझ्या शेजारी बसायचं, बॉल पुसायचे, पाण्याची बादली भरून ठेवायची. सकाळी ग्राउंडवर पाणी मारायचं कामही आता तुझं. हौसरावांनी विचारलं, "एवढा चांगला गडी बाकावर कशाला?" मी म्हटलं, खुणा नव्याने शिकायच्या आहेत त्याला.

राहायला माझ्याकडे. आईने परस्पर ठरवलं आहे. तुझी खाट पडवीत टाकली आहे, वाऱ्याच्या बाजूला नाही.

वर्ष-दोन वर्षांत तू महबूबच्या पुढे जाशील, हे मला दिसतं. मग मला तुला खेळवावं लागेल. लीगच्या मॅच खेळशील, उपांत्य सामना खेळशील, लोक तुझं नाव घेऊन ओरडतील. खुशाल ओरडू देत. फायनल मात्र तू खेळणार नाहीस.

त्या दिवशी फाटकाशी आई म्हणाली होती, "पुढल्या साली बी असंच या दोघं जण. कायम या." तू मान हलवलीस. मी परवा शिरूरच्या कमिटीला दौंडतर्फे लिहून टाकलं, की या वर्षी गर्दी चांगली झाली, तरी फायनलचा वार कायमचाच रविवार ठेवावा. त्यांचं उत्तर आलं आहे. त्यांना पसंत आहे.

तेव्हा पुढच्या वर्षी दुपारी चारला. मी डावीकडे, तू उजवीकडे. आणि चौथ्या कडव्याची आतापासून तयारी कर. आईच्या कानाला त्रास होतो.

सोमवारी सहाच्या गाडीने ये. बादली फाटकाशी ठेवली आहे.

इसहाक